जागा कोणाच्या नावावर?

कालवं काढायची कोयती मी आत्याच्या हातात लहानपणापासून पाहत आले. ओहोटी लागली की ती खडपावर उतरायची, कालवाचं वरचं शिंपलं टोकाने उचकटायची, आतला मऊ गोळा वाडग्यात टाकायची आणि पुढच्या कालवाकडे वळायची. तोंडाने बोलणं चालूच. तळहातांवर कायम बारीक चिरा, त्यांत खारं पाणी. गेल्या मार्चात ती पहिल्यांदा आमच्याकडे अटलांटाला आली आणि दोन आठवड्यांत म्हणाली, "सगळं बघितलं, आता समुद्र दाखव."

म्हणून तिला जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या सॅव्हाना शहराला नेलं. शहर पाहून झाल्यावर तिथून सोळा-सतरा किलोमीटरवर पिन पॉइंट नावाच्या वस्तीत एक छोटं वारसा संग्रहालय आहे, तिथे गेलो. कालवं फोडायच्या आखूड सुऱ्या तिथे मांडल्या होत्या. आत्या त्यांच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग माहिती सांगणाऱ्या गृहस्थांना विचार म्हणून तिने मला एकच प्रश्न दिला: "ह्यांची घरं आहेत त्या जागा कोणाच्या नावावर?"

ते गृहस्थ त्याच वस्तीत वाढलेले. प्रश्न ऐकून ते आम्हाला बाहेर खाडीच्या कडेला घेऊन गेले आणि पुढची वीस मिनिटं फक्त जमिनीबद्दल बोलले. काहींचे कागद चोख आहेत. काहींची जागा अजून पणजोबांच्या नावावर आहे आणि वारस उत्तरेकडच्या शहरांत पांगलेत. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि आत्या दर वाक्याला म्हणत होती, "बरोबर. आमच्याकडे तेच."

वारसा जपायचा म्हणून संग्रहालय उभारणाऱ्या सरकारने, त्याला पैसे देणाऱ्या दात्याने आणि ते पाहायला जाणाऱ्या आमच्यासारख्या पाहुण्यांनी आत्याचा हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, असं मला त्या दिवसापासून ठामपणे वाटतं. ज्या माणसांचा वारसा दाखवायचा, त्यांच्या पायाखालची जमीन शाबूत ठेवणं हे वारसा जतनाचं पहिलं काम आहे. काचेची कपाटं त्यानंतर यावीत.

संग्रहालयांवर माझा राग नाही. पिन पॉइंटचं संग्रहालय तर मला फार आवडतं आणि ते का आवडतं हे आधी सांगते. ते नवीन इमारतीत नाही. १९२६ साली तिथे ए. एस. वार्न अँड सन नावाचा कालवं आणि खेकड्यांचा कारखाना सुरू झाला, तो १९८५ पर्यंत चालला. त्याच पत्र्याच्या शेडमध्ये, त्याच धक्क्यावर २०११ मध्ये संग्रहालय उघडलं. पुरुष होड्या घेऊन खाड्यांत जायचे, जाळी विणायचे. बायका कालवं फोडायच्या, उकडलेल्या निळ्या खेकड्यांतून मांस काढायच्या. हे काम किती चिवट असतं ते ज्याने घरी एक डझन चिंबोऱ्या सोलल्यात त्याला सांगायला नको. नांगीतलं मांस सहज येतं, पण पोटाच्या कप्प्यांतलं काढायला सुरीचं टोक बरोबर बसावं लागतं, नाहीतर कवचाचे तुकडे मांसात जातात. हे काम दिवसभर, उभ्या हयातीत करणाऱ्या बायकांच्या लेकी-नातींच्या ओळखीचे लोक तिथे तुम्हाला ते दाखवतात. दाराबाहेर तीच खाडी, तोच चिखलाचा वास, तेच कमरेएवढं दलदलीतलं गवत. भरती-ओहोटीचा फरक दोन मीटरच्या वर. तुम्ही तासभर आत असलात तरी बाहेर आल्यावर पाण्याची रेघ हललेली असते.

या वस्तीचा जन्मही पाण्यानेच झाला. गुलामी संपल्यावर ओसाबॉसारख्या बेटांवर मुक्त झालेली काळी कुटुंबं राहत होती. ऑगस्ट १८९३ मध्ये या किनाऱ्यावर आलेल्या वादळात सुमारे दोन हजार माणसं मेली. त्या दशकात बेटांवरची अनेक कुटुंबं मुख्य भूमीवर सरकली, आणि पिन पॉइंटला त्यांनी लहान लहान तुकडे स्वतःच्या पैशाने विकत घेतले. बेटावरच्या त्यांच्या देवळाचं नाव 'हिंडर मी नॉट' होतं, म्हणजे मला अडवू नका. इकडे आल्यावर त्यांनी 'स्वीटफील्ड ऑफ ईडन' नावाचं चर्च उभारलं. बाप्तिस्मा खाडीत व्हायचा आणि तोही ओहोटी लागल्यावर, म्हणजे पाणी जाताना पापं घेऊन जाईल. हे ऐकून आत्याने हात जोडले.

हे लोक गल्ला-गीची म्हणून ओळखले जातात. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून पकडून आणलेल्या, या किनाऱ्यावरच्या मळ्यांत राबवलेल्या माणसांचे हे वंशज. बेटांवर गोऱ्यांची वस्ती विरळ असल्यामुळे त्यांची स्वतःची बोली टिकली, टोपल्या विणायची पद्धत टिकली, भाताचं वेड टिकलं. या किनाऱ्यावर गुलामांनी नद्यांच्या मुखाशी मैलोन्‌मैल बांध घातले, भरतीच्या रेट्याने चढणारं गोडं पाणी लाकडी दारांतून खाचरांत घेतलं आणि ओहोटीला सोडून दिलं. आपल्याकडे खारभूमीच्या बांधाला उघाडी असते, तिचंच हे भावंड. ती विद्या काही अंशी त्यांनी आफ्रिकेतून सोबत आणली होती आणि तिच्यावर दुसऱ्यांचे वाडे उभे राहिले. २००६ मध्ये अमेरिकी संसदेने नॉर्थ कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतच्या या पट्ट्याला राष्ट्रीय वारसा पट्टा म्हणून मान्यता दिली.

इथपर्यंत सगळं छान आहे. मान्यता आहे, फलक आहेत, संग्रहालयं आहेत. २०२३ मध्ये साऊथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला, जिथे हजारो आफ्रिकी माणसांना जहाजांतून उतरवून विकलं गेलं त्याच गॅडस्डेन धक्क्यावर, आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचं भव्य संग्रहालय उघडलं. तेही पाहण्यासारखं आहे. पण वारशाचा गौरव वाढत गेला त्याच काळात त्या वारशाची जमीन कमी होत गेली आहे, आणि हे दोन्ही एकाच किनाऱ्यावर, कधी कधी एकाच सरकारच्या हातून झालं आहे. हे जोवर कुणी म्हणत नाही तोवर या सगळ्या गौरवाला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही.

जमिनीचा प्रश्न मी बाहेरून आणून चिकटवत नाही. तो या लोकांनी स्वतः सगळ्यात आधी मांडला, आणि सॅव्हानातच मांडला. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं. १२ जानेवारी १८६५ च्या रात्री उत्तरेच्या फौजेचे सेनापती शर्मन यांनी शहरातल्या २० काळ्या धर्मोपदेशकांना भेटीला बोलावलं. तुम्हाला काय हवं, असं विचारलं. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. वय ६७, स्वतःचं स्वातंत्र्य स्वतःच्या पैशाने विकत घेतलेला माणूस. त्यांचं उत्तर होतं: आम्हाला जमीन असावी आणि ती आम्ही आमच्या मेहनतीने कसावी, म्हणजे आम्ही आमचं पाहू. चार दिवसांनी, १६ जानेवारीला, शर्मन यांचा १५ क्रमांकाचा आदेश निघाला. चार्ल्सटनपासून दक्षिणेची बेटं आणि समुद्रापासून ३० मैल आतपर्यंतची सोडून दिलेली भातजमीन मुक्त कुटुंबांसाठी, प्रत्येकी जास्तीत जास्त ४० एकर. काही महिन्यांत हजारो कुटुंबं त्या जमिनीवर कामाला लागली. लिंकन यांचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले, आणि वर्ष सरायच्या आत जमिनी जुन्या मळेवाल्यांना परत द्यायचं धोरण ठरलं.

ती भेट झाली ते घर सॅव्हानात आजही उभं आहे आणि पाहता येतं. फ्रेझर यांनी जे मागितलं ते मात्र पुढच्या पिढ्यांना ज्याच्या त्याच्या कष्टातून, तुकड्या-तुकड्याने घ्यावं लागलं. पिन पॉइंटचे तुकडे त्यांतलेच.

आणि घेतलेलं टिकवणंही सोपं नव्हतं. त्याच किनाऱ्यावर मॅकिन्टॉश काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हॅरिस नेक नावाची काळ्या कुटुंबांची वस्ती होती. १९४२ मध्ये युद्धासाठी विमानतळ हवा म्हणून केंद्र सरकारने तिथली सुमारे २,७०० एकर जमीन घेतली, लोकांना हलवलं. युद्ध संपलं, विमानतळाची गरज संपली, जमीन परत आली नाही. १९६२ पासून ते राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे. बगळ्यांची वीण तिथे सुखरूप होते. वस्तीचे वंशज अनेक वर्षं जमीन परत मागतायत.

साऊथ कॅरोलिनात हिल्टन हेड बेटाला १९५६ मध्ये पूल झाला. त्याआधी तिथली बहुतांश वस्ती गल्ला लोकांची होती. पुलाबरोबर गोल्फची मैदानं आली, फाटकं लावलेल्या वसाहती आल्या. त्यांतल्या कित्येकींच्या नावांत 'प्लँटेशन', म्हणजे मळा, हा शब्द होता. ज्यांचे पणजोबा मळ्यांत विकले गेले त्यांना आपल्या पूर्वजांच्या कबरींपर्यंत जायला त्या फाटकांवर परवानगी मागावी लागली.

आता ही जमीन जाते कशी, ते नीट सांगायला हवं, कारण इथेच मराठी वाचकाला सगळं ओळखीचं वाटेल. पणजोबांनी दहा एकर घेतली. मृत्युपत्र केलं नाही. वकील परवडत नव्हता, आणि गोऱ्यांच्या कोर्टाची पायरी चढायची भीतीही होती. ते गेले, जमीन सगळ्या मुलांची झाली. मुलं गेली, नातवंडांची झाली. आज तिच्यावर चाळीस जणांचा हक्क आहे, त्यांतले तिघे तिथे राहतात, बाकीचे फिलाडेल्फियात की कुठे आहेत ते नक्की कुणाला माहीत नाही. इथल्या कायद्याच्या भाषेत ही 'वारसांची मालमत्ता'. कोकणात आपण तिला सामाईक जमीन म्हणतो. सातबाऱ्यावर तीस नावं, त्यांतली वीस मुंबईकर, पाच वारलेली, आणि घराचं छप्पर शाकारायचं तर सह्या कुणाच्या घ्यायच्या हा प्रश्न. फरक एवढाच की इथे या सामाईकपणाचा शस्त्रासारखा वापर झाला. बिल्डर लांबच्या एखाद्या वारसाला गाठायचा, ज्याने ती जमीन कधी पाहिलीही नाही. त्याचा चाळिसावा हिस्सा थोडक्या पैशांत घ्यायचा. मग हिस्सेदार म्हणून कोर्टात वाटणी मागायचा. जमिनीचे चाळीस तुकडे करणं शक्य नाही, म्हणून कोर्ट सगळी जमीन लिलावात काढायचं. लिलावाच्या दिवशी रोख रक्कम असायची ती बिल्डरकडेच. राहत्या घरातली आजी शंभर वर्षांचा संसार घेऊन रस्त्यावर. आणि हे सगळं कायदेशीर.

सामाईकपणामुळे आणखी एक गळा आवळला जातो. सातबारा कोरा नसला की बँक कर्ज देत नाही, हे आपल्याला माहीत आहे. इथेही तसंच आहे. वादळाने घर पडलं तर सरकारी मदत मागताना मालकी सिद्ध करा म्हणतात. म्हणजे ज्या किनाऱ्यावर वादळं येणारच, तिथल्याच लोकांना घर पुन्हा उभारायला अडचण.

यावर इलाज नव्हता असं नाही. २०१० मध्ये अमेरिकेत यासाठी एक नमुना कायदा तयार झाला. जॉर्जियाने तो २०१२ मध्ये स्वीकारला. साऊथ कॅरोलिनाने २०१६ मध्ये, आणि त्याला २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमधल्या गोळीबारात मारले गेलेले पाद्री आणि आमदार क्लेमेंटा पिंकनी यांचं नाव दिलं. या कायद्याने तीन साध्या गोष्टी केल्या. वाटणीचा दावा आला की कोर्टाने आधी जमिनीचं खरं मूल्य काढायचं. ज्याने विक्री मागितली त्याचा हिस्सा विकत घ्यायची पहिली संधी बाकीच्या वारसांना द्यायची. विक्री टळतच नसेल तर कोर्टाच्या पायरीवर लिलाव न करता खुल्या बाजारात रास्त भावाने करायची.

आपल्याकडे असा विचार १८९३ च्या वाटणीच्या कायद्यातच आहे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला आणि त्याने वाटणीचा दावा लावला, तर घरचा हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा परत घेऊ शकतो. राहत्या घरापुरतंच आहे ते, शेतजमिनीला लागू नाही, पण आहे. ज्या वर्षी त्या वादळाने ओसाबॉची माणसं हलवली, त्याच वर्षी हिंदुस्थानात हे कलम लिहिलं गेलं. ती माणसं पिन पॉइंटला आली तेव्हा त्यांच्यासाठी असं काही नव्हतं, आणि पुढची एकशे वीस वर्षं झालं नाही.

जॉर्जियाचा १९७० चा एक कायदा आहे, किनाऱ्यावरची दलदल वाचवण्यासाठी. चांगला कायदा आहे. त्यामुळेच संग्रहालयाबाहेरचं ते हिरवं गवत क्षितिजापर्यंत अजून तसंच आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उरलेल्या खाऱ्या दलदलीपैकी जवळजवळ एक तृतीयांश एकट्या जॉर्जियात आहे. पण गवताला १९७० मध्ये संरक्षण मिळालं आणि त्या गवतातून होडी काढणाऱ्या माणसांच्या जमिनीला २०१२ मध्ये. मधल्या बेचाळीस वर्षांत काय काय गेलं असेल, हा विचार मला त्या धक्क्यावर उभं असताना सोडत नव्हता.

यावर माझ्याशी वाद घालणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. एका मित्राने विचारलं, कारखाना बिल्डरने बंद पाडला का? नाही. बाजार बदलला, काम परवडेनासं झालं, नव्या पिढीला दुसऱ्या नोकऱ्या मिळाल्या. तरुण मुलीने आजीसारखं दिवसभर खेकडे सोलत बसावं अशी कुणाचीच इच्छा नाही, तिच्या आजीची तर मुळीच नाही. काम गेलं म्हणूनच तिथे संग्रहालय होऊ शकलं, हे मी मान्य करते. पण काम जाणं आणि जागा जाणं यांत फरक आहे. काम गेलं तरी जागा असली की मुलं सुट्टीला येतात, रविवारी चर्चला येतात, म्हातारपणी परत येतात, पाग टाकून चार मासे धरतात, आणि गोष्ट सांगणारं माणूस शिल्लक राहतं. आमच्या गावात होड्या कमी झाल्या तरी गणपतीला घरं उघडतात ती याच जोरावर. जागा गेली की येणार कुठे?

दुसरा आक्षेप मालकी हक्काचा. ज्याची जमीन त्याने विकली तर तुमचं काय गेलं? ज्याला विकायचंय त्याने विकावी, यात माझं काही जात नाही. मला खुपतं ते ज्याला विकायचं नाही त्याची जमीन दुसऱ्याच्या चाळिसाव्या हिश्श्यावर विकली जाणं. तिथे मालकी हक्काची बाजू घ्यायची तर ती राहणाऱ्याचीच घ्यावी लागेल.

तिसरा आक्षेप महसुलाचा. मोठी घरं आली की कर वाढतो, शाळा-रस्ते होतात. याचं उत्तर सापेलो बेटावर शोधावं. या बेटाचा बहुतेक सगळा भाग आता जॉर्जिया राज्याचा आहे. बेटावर पूर्वी काळ्या लोकांच्या अनेक वस्त्या होत्या. विसाव्या शतकाच्या मध्यात बेटाच्या श्रीमंत मालकाने त्यांना एकेक करून हॉग हमॉक या एकाच ठिकाणी आणून बसवलं. आज तिथे काही डझन माणसं उरलीत. पूल नाही, सरकारी बोटीनेच जायचं. १९९६ मध्ये हे गाव ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आलं. बाहेरचे लोक जमिनी घेऊन सुट्टीची घरं बांधू लागले, आणि २०१२ च्या सुमारास कराचं मूल्यांकन कितीतरी पटींनी चढलं. म्हणजे शेजाऱ्याने बंगला बांधला म्हणून आजीच्या दोन खोल्यांचा कर वाढला. ज्या शाळा-रस्त्यांसाठी तो कर, त्यांतली शाळा बेटावर नाहीच आणि रस्तेही बहुतेक कच्चे. सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटीच्या मंडळाने ३ विरुद्ध २ मतांनी घराच्या आकाराची मर्यादा १,४०० चौरस फुटांवरून ३,००० वर नेली. गावकऱ्यांनी जनमत मागितलं, सह्या गोळा केल्या, काउंटीने कोर्टात विरोध केला. २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावकऱ्यांचा जनमताचा हक्क मान्य केला. दोन वर्षं गेली, फक्त मत द्यायचा हक्क आहे एवढं ठरवण्यात.

त्याच सापेलोवर १९ ऑक्टोबर २०२४ ला सांस्कृतिक दिन होता. बाहेरून शेकडो लोक आले होते, गाणी, जेवण, टोपल्या, सगळं होतं. परतीच्या बोटीसाठी सरकारी धक्क्यावर उभ्या माणसांखालचा धातूचा पूल मोडला आणि सात जणांचा जीव गेला. ती बातमी वाचली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, गॅस बंद करून खाली बसले. वारशाचा उत्सव करायला माणसांना बोलवायचं, तर ती जिथे पाय ठेवतात तो धक्का भक्कम असणं ही जतनाचीच बाब आहे. बोट, धक्का, कर, कागद ही कामं दाखवण्यासारखी नसतात. त्यांच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही, म्हणून ती मागे पडतात.

पिन पॉइंटबाबत आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांचा जन्म १९४८ मध्ये याच वस्तीतला. कारखान्याची जागा घेऊन ती दुरुस्त करायला टेक्सासमधले उद्योगपती, थॉमस यांचे मित्र हार्लन क्रो यांनी पैसे दिले, असं न्यूयॉर्क टाइम्सने २०११ मध्ये छापलं. त्या पैशावरून आणि त्या मैत्रीवरून अमेरिकेत पुष्कळ वाद झाला, त्यात मी शिरत नाही. मला एवढंच दिसतं की पिन पॉइंटचा धक्का वाचला याचं एक मोठं कारण तिथे एक फार मोठा माणूस जन्मला हे आहे. या किनाऱ्यावर असे धक्के कितीतरी होते. त्यांच्या शेजारी न्यायमूर्ती जन्मले नाहीत. त्यांच्या जागी आज खासगी बोटींचे तळ आहेत. सार्वजनिक धोरण लागतं ते अशाच, कुणी मोठं न जन्मलेल्या गावांसाठी.

मग करायचं काय? माझ्या मागण्या लहान आहेत. वारसा म्हणून नोंद झालेल्या गावात, मूळ कुटुंब जोवर राहतंय तोवर, कर शेजारच्या बंगल्याच्या भावाने लावू नये. आहे त्या वापराप्रमाणे लावावा. शेतजमिनीला आणि जंगलाला अशी सवलत मिळते, तर वस्तीला का नाही? दुसरं, संग्रहालयाला सरकारी किंवा दात्याचा पैसा मिळाला की त्यातला ठरावीक वाटा त्याच वस्तीच्या वारसनोंदी आणि मालकीचे कागद सोडवण्यासाठी राखून ठेवावा. चार्ल्सटनमध्ये २००५ पासून या एकाच कामाला वाहिलेली एक संस्था आहे, वकील देते, वंशावळी जुळवून देते. वंशावळ हे तर संग्रहालयाचं घरचंच काम. जुने फोटो, बाप्तिस्म्याच्या नोंदी, कबरींवरची नावं त्यांच्याकडेच असतात. कोर्टात पणजोबांचे सगळे वारस सिद्ध करायला नेमके हेच कागद लागतात. एका खोलीत फोटो लावायचे आणि शेजारच्या खोलीत आठवड्यातून एक दिवस वकील बसवायचा, यात अशक्य काय आहे?

तिसरी मागणी आमच्यासारख्यांकडून. दर उन्हाळ्यात आम्ही मराठी मंडळी पाहुण्यांना घेऊन या किनाऱ्यावर जातो. चौकातली ओकची झाडं, वाडे, मग समुद्र, मग कोळंबी. वाड्यांच्या सहलीला पैसे देतोच, तसेच या छोट्या संग्रहालयांना द्यावेत, मुलांना तिथे न्यावं आणि माहिती सांगणाऱ्या माणसाला निवांत वेळ द्यावा. खरेदी करायची तर टोपली विणणाऱ्या बाईकडून करावी, तिची किंमत पाडू नये. एक लहान टोपली विणायला किती दिवस जातात ते तिला विचारा, मग भावाची भाषा तोंडात येणार नाही. आणि आपल्यातले काही जण आता किनाऱ्यावर 'गुंतवणूक म्हणून' प्लॉट बघतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, घेण्याआधी तो प्लॉट कुणाच्या वाटणीच्या दाव्यातून आलाय ते कोर्टाच्या कागदात बघा. स्वस्त का मिळतोय ते बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं.

त्या दिवशी निघताना आत्याने त्या गृहस्थांना माझ्यामार्फत सांगितलं की कालवं आमच्याकडेही अशीच असतात, फक्त खडकाला चिकटलेली, इथल्यासारखी चिखलात घोस करून वाढत नाहीत. त्यांनी तिला धक्क्याखाली ओहोटीने उघडा पडलेला एक घोस दाखवला. तिने वाकून पाहिला आणि म्हणाली, ह्याला कोयती चालायची नाही.

मे महिन्यात ती परत गेली. दोन आठवड्यांनी फोन आला. आमच्या घराच्या जागेच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. ते १९७८ मध्ये गेले. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जायचं, असं मी लहान असल्यापासून चाललं होतं. आत्या म्हणाली, "सतरा जणांची नावं लिहून काढलीत. तुझ्या बडोद्याच्या काकाच्या मुलांचा पत्ता तेवढा मिळत नाही. तू इंटरनेटवर शोध."

मी शोधतेय.